सायकल रस्त्यात नेमकी कुठून चालवावी?

आमच्याकडून भाड्याने सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा कागद देतो. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघण्याआधी वाचून घ्या.

"सायकल अगदी कडेने घे" असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. डावी बाजू सोडायची नाही हे खरंच, पण डांबराच्या काठाला चिकटूही नका. आपल्याकडे साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं, कुठे वीतभर खाली असते आणि तिच्यावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. खाली उतरलेलं चाक तसंच तिरकं वर घ्यायला गेलं की टायर काठाला घासतो आणि माणूस उजवीकडे, म्हणजे गाड्यांपुढे पडतो. परत आलेल्या सायकलींच्या उजव्या पेडलवर ओरखडे दिसले की आम्ही आधी हेच विचारतो. चाक उतरलंच, तर हळूहळू थांबा, खाली उतरा आणि सायकल उचलून डांबरावर घ्या.

काठापासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवा. म्हणजे मागच्याला तुम्ही लांबून दिसता, त्याला नीट बाजू काढूनच पुढे जावं लागतं आणि तुम्हालाही डावीकडे थोडी जागा उरते.

घाटात वळणं ओळखायला शिका. रस्ता डावीकडे वळत असेल, तर कडेचा सायकलवाला दरडीआड जातो आणि मागच्या ड्रायव्हरला तो अगदी जवळ आल्यावर दिसतो. अशा वळणाआधी मागे बघून थोडं आत या. उजवीकडच्या वळणावर समोरून वेगात येणारा बाहेर फेकला जाऊन आपल्या बाजूला येऊ शकतो, तिथे मात्र डावीकडेच राहा. अरुंद पुलावर, जिथे मोटार तुम्हाला सुरक्षित ओलांडूच शकत नाही, तिथे आपल्या अर्ध्या रस्त्याच्या मधोमध चला. मागून हॉर्न वाजला तरी कडेला सरकू नका. पूल संपला की बाजू द्या.

थांब्यावरच्या एसटीच्या डावीकडून कधीही घुसू नका, दार त्याच बाजूला उघडतं. किनाऱ्याजवळ रांगेने लावलेल्या पर्यटकांच्या गाड्यांपासून एक मीटर तरी लांब राहा. उजवीकडे वळायचं असेल आणि रहदारी जास्त असेल, तर डावीकडे थांबून, उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. यात कमीपणा काही नाही.

पावसाळ्यात झाडांच्या सावलीतल्या कडेला शेवाळ धरतं. मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणीही निसरडं असतं. तिथे ब्रेक करकचून दाबू नका, वळणाच्या आधीच वेग कमी करा.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरून जातो. त्या दिवसांत महामार्गावर न्यायला आम्ही सायकल देत नाही, कृपया आग्रह करू नये.

हेल्मेट आणि मागचा लाल दिवा भाड्यातच आहे. निघताना दोन्ही ब्रेक आमच्यासमोर दाबून बघा.