भाजतो मेंढीचा कान, बिघडलेलं असतं यकृत

कान सुजून लोंबायला लागले, नाकाडावरची कातडी सुटायला लागली, की सिन्नर-चांदवडकडच्या वाड्यावर निदान ठरलेलं: ऊन बाधलं, नाहीतर दृष्ट लागली. दृष्टीचं सोडून द्या. पण ऊन तर रोजच असतं. मग ते आजच कसं बाधलं? डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर पहिला संशय घाणेरीवर, म्हणजे टणटणीवर घ्यावा. चारा आटला की भुकेली मेंढरं बांधावरचा तिचा पाला ओरबाडतात.

हिरव्या चाऱ्यातलं क्लोरोफिल, म्हणजे हिरवं रंगद्रव्य, कोटीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू फोडतात. त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य उरतं. ते रोजच तयार होतं, रक्तात शिरतं. यकृत ते टिपून पित्तात सोडतं आणि लेंडीवाटे बाहेर जातं. घाणेरीतली लँटाडीन द्रव्यं यकृतातल्या सूक्ष्म पित्तनलिका निकामी करतात. पित्त तुंबतं, पित्ताशय फुगतं, आणि फायलोएरिथ्रिन रक्तातून थेट कातडीत पोचतं. तिथे जांभळा-निळा प्रकाश पडला की शोषलेली ऊर्जा ते शेजारच्या ऑक्सिजनला देतं, आणि हा चेकाळलेला ऑक्सिजन पेशींची आवरणं फाडतो. अतिनील किरणांची इथे गरजच नाही, साधा दिसणारा उजेड पुरतो.

लोकर नसते तिथेच हे दिसतं. काळ्या दख्खनी मेंढीत कातडीचा रंगच प्रकाश अडवतो, म्हणून चट्टे कमी आणि मालक निर्धास्त. यकृत मात्र तितकंच बिघडलेलं असतं. तिच्यात रवंथ थांबलंय का, लेंडी घट्ट झालीय का, लघवी गडद पिवळी आहे का, ते बघावं.

यकृत बिघडलं की कोटीपोटही थंडावतं. पाला तिथेच पडून राहतो आणि विष झिरपतच राहतं. म्हणून नुसत्या लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी भागत नाही, पोटातलं विष बांधावं लागतं. पशुवैद्यक मोठ्या मेंढीला साधारण ५०० ग्रॅम अॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषायला खास तयार केलेला कोळसा) ४ लिटर इलेक्ट्रोलाइटच्या पाण्यात कालवून नळीने पोटात सोडतात. घाईने बाटलीने पाजलं तर ते फुप्फुसात जातं. चुलीतला कोळसा चालत नाही, त्यात विष धरून ठेवणारी तेवढी सूक्ष्म छिद्रं नसतात. दिवसा जनावर गडद सावलीत बांधावं आणि हिरवा चारा बंद करून वाळला कडबा द्यावा. क्लोरोफिल कमी, तर फायलोएरिथ्रिनही कमी.

न्यूझीलंडमध्ये हेच दुखणं कुरणातल्या मेलेल्या गवतावरच्या बुरशीने होतं. तिच्या स्पोरिडेस्मिन या विषावर आधीपासून दिलेलं झिंक उपयोगी पडतं, घाणेरीवर नाही. आपल्याकडची यकृत बिघडवणारी बुरशी वेगळी: ओलसर साठवलेल्या मक्यावरची, अफ्लाटॉक्सिन हे विष सोडणारी. तिने कान सहसा भाजत नाहीत, कोकरं नुसती खुरटतात. असा मका भाजला तरी विष पुरतं जात नाही.