चरबीच्या आडून यकृत पाहताना

यकृत भारी सोशिक. त्याच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की फॅटी लिव्हर म्हणायचं, पण ज्याच्या पोटात हे चाललेलं असतं त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी हे एन्झाइमसुद्धा अनेकदा नॉर्मल येतं. लठ्ठ माणसांत हा आजार सर्रास आढळतो, आणि नेमकं त्यांचंच यकृत बाहेरून पाहणं सगळ्यांत अवघड असतं. मधे चरबीचा थर आडवा येतो ना!

पूर्वी खात्री करायची तर बायोप्सी, म्हणजे सुई खुपसून यकृताचा तुकडा काढणं, हाच मार्ग होता. तो तुकडा सगळ्या यकृताच्या जेमतेम पन्नास हजारावा भाग. शिवाय रक्तस्रावाची भीती. दर लठ्ठ माणसाला काही सुई टोचता येत नाही.

सोनोग्राफीत चरबीचं यकृत जास्त पांढरं, चकचकीत दिसतं. मात्र चरबी थोडी असेल तर ते निसटून जातं, आणि पोटाचा घेर मोठा असला की ध्वनिलहरी वाटेतच विरतात. त्यातून माझ्या मते रिपोर्टवरच्या ‘ग्रेड १, ग्रेड २’वर लोक नको तितका जीव टांगतात. तो आकडा चरबीचा अंदाज सांगतो. पुढे धोका किती, हे ठरतं यकृतात व्रणासारखे घट्ट तंतू किती वाढलेत त्यावरून. या तंतुमयतेलाच फायब्रोसिस म्हणतात, आणि ते फार वाढलं की सिरॉसिस.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीतून काढता येतो. फिब-४ नावाचं सूत्र आहे: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स अडीच लाख. वर २०००, खाली २५० गुणिले ८, तेही २०००. उत्तर १. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला तर काळजीचं कारण. प्लेटलेट्स यात कशा आल्या? यकृत कडक झालं की त्यात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, मागे प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स अडवून ठेवते. आता याच उदाहरणात वय ७० धरा: उत्तर १.४! यकृत तेच, फक्त वाढदिवस वीस जास्त. म्हणून पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आतल्यांसाठी तर हे सूत्र फारसं भरवशाचं नाही.

आकडा मधे अडकला की फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. त्याची कल्पना मला फार आवडते. बरगड्यांच्या मधल्या जागेत एक टोक टेकवून हलकी टिचकी मारतात. तिने उठलेली लहर यकृतातून सरकते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतं. निरोगी यकृतात ती सेकंदाला साधारण सव्वा मीटर जाते, कडक यकृतात जास्त. वेग दुप्पट म्हणजे कडकपणा चौपट. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. ८ च्या आत असेल तर सहसा निश्चिंत राहावं. त्याच वेळी ध्वनी किती विरला यावरून चरबीचाही अंदाज मिळतो. तपासणीआधी किमान तीन तास काही खायचं नाही, कारण जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढून आकडा फुगतो.

लठ्ठपणाची अडचण इथेही आहेच. नेहमीचं टोक त्वचेखाली अडीच सेंटिमीटरपासून पुढे मोजतं. काहींच्या बाबतीत तिथवर यकृत सुरूच झालेलं नसतं! म्हणून त्यांच्यासाठी एक्सएल टोक असतं. ते कमी वारंवारतेचा ध्वनी वापरतं, जो खोलवर पोचतो, आणि साडेतीन सेंटिमीटरपासून मोजायला लागतं. चुकीचं टोक लावलं तर यंत्र आकडाच देत नाही, किंवा चढा देतं. दुसरं जास्त वाईट.

चरबीचा सगळ्यांत नेमका हिशेब एमआरआय देतं. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजन अणू चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या वारंवारतेने घुमतात. त्या फरकावरून यकृतातल्या चरबीची टक्केवारीच निघते, आणि पोटावरच्या थराचा तिला फारसा अडथळा होत नाही. पण एमआरआयचा बोगदा सहसा ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतो, आणि फार लठ्ठ माणूस त्यात मावत नाही.