कलावंतीण की प्रबळगड? माचीवर जायच्या आधीच ठरवा

पनवेल सोडून जुन्या पुणे हायवेला लागलं की शेडुंगच्या आसपास डावीकडे डोंगरात एक खोल खाच दिसते. खाचेच्या डाव्या अंगाचा टोकदार सुळका म्हणजे कलावंतीण आणि उजवीकडे पसरलेला लांबलचक, सपाट माथा म्हणजे प्रबळगड. खारघर-नेरुळकडचे कितीतरी जण ‘रविवारी प्रबळगड केला’ म्हणून सांगतात आणि फोटो दाखवतात ते कातळात खोदलेल्या पायऱ्यांचे. त्या पायऱ्या कलावंतिणीच्या.

घोटाळा होणं साहजिक आहे. पायथ्याच्या ठाकूरवाडीपासून प्रबळमाचीपर्यंतची, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या वस्तीपर्यंतची वाट दोन्हींसाठी एकच. उंचीतही फार फरक नाही, दोन्ही माथे समुद्रसपाटीपासून २२०० फुटांच्या वर. वाटा फुटतात त्या माचीवर, आणि तिथून पुढे दोघांत काहीच सारखं राहत नाही.

कलावंतिणीचा सगळा कस पायऱ्यांवर लागतो. खिंडीतून त्या नागमोडी वर चढतात. एकेक पायरी गुडघ्याएवढी, काही ठिकाणी कडा झिजून गोल झालेली, आणि दरीच्या बाजूला धरायला काही नाही. चढताना समोर कातळ असतो म्हणून भीती जाणवत नाही. उतरताना मात्र दरी थेट डोळ्यांसमोर येते, आणि चांगले धडधाकट लोकही मटकन खाली बसतात. अशा वेळी कातळाकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं उतरावं. अगदी वर आणखी एक छोटा कातळटप्पा आहे. तो दोराशिवाय जमणार नसेल तर अलीकडूनच परत फिरा, त्यात काही कमीपणा नाही. माथ्यावर जागा जेमतेम. तट, दरवाजे, वाडे असं इथे काही नाही. हा टेहळणीचा सुळका. माचीवरचे आदिवासी मात्र शिमग्याला इथे चढून नाच करतात, त्यामुळे ही जागा आधी त्यांची, मग आपली.

प्रबळगड हा खरा किल्ला. जुनं नाव मुरंजन. १६३६ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा पाठीवर असताना शहाजीराजे काही काळ इथे होते, मग माहुली किल्ल्यावर गेले. माचीवरून उजवीकडे नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून वाट चढते. डोळे फिरवणारी दरी इथे नाही, पण दगडधोंड्यांची दमछाक करणारी चढण आहे. पायाखालचा दगड सुटला तर मागच्यांना मोठ्याने ‘दगड!’ म्हणून ओरडायचं, आणि दोघांत अंतर ठेवायचं. वर पोचलं की दाट रान, पाण्याची टाकी, गणपतीचं देऊळ, पडक्या इमारतींचे अवशेष. माथा एवढा मोठा की वाटा चुकतात. ज्यांना पक्षी, झाडं, इतिहास यांसाठी वेळ द्यायचा आहे त्यांनी सरळ इकडे यावं.

आणि कलावंतीण सर्वांत सुंदर दिसते ती प्रबळच्या टोकावरून! तिच्या माथ्यावर उभं राहिलात तर ती तुम्हाला दिसतच नाही. उंचीची धास्ती असलेल्या माणसाला आग्रहाने पायऱ्यांवर नेणाऱ्या मित्रमंडळींनी एवढं तरी लक्षात घ्यावं. तोच सुळका, तोच फोटो, आणि जीव मुठीत धरायची गरज नाही.

पावसाळ्यात दोन्हीकडे फार जपून. शेवाळलेल्या पायऱ्या आणि पाणी वाहणारी नाळ, दोन्ही तितक्याच वाईट. शेजारच्या इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. मनाई आदेश असेल तर शेडुंगवरून माघारी वळा.

दोन्ही एकाच फेरीत करायचे असतील तर रात्री माचीवर मुक्काम करा. पहाटे गर्दी व्हायच्या आत कलावंतीण उरका, खाली येऊन पोहे खा आणि मग प्रबळ चढा. प्रबळसाठी माचीवरचाच एखादा वाटाड्या सोबत घ्या. रानातल्या वाटा त्याला पाठ असतात, आणि पैसे गावातल्याच घरात जातात.