चौथा प्रॉप कशाला हवा?

22 एप्रिल 2023 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तिथल्या बुल्स संघाने आयर्लंडच्या लेन्स्टरचा रग्बीत 62-7 असा धुव्वा उडवला. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या लीगच्या त्या मोसमात डब्लिनचा हा संघ तोवर एकदाही हरला नव्हता. बरोबर सात दिवसांनी त्याच लेन्स्टरने युरोपच्या चॅम्पियन्स चषकाच्या उपांत्य फेरीत फ्रान्सच्या तुलूझला 41-22 असं लोळवलं. ‘त्याच’ म्हणायचं ते जर्सीपुरतं. आफ्रिकेत दुसरी फळी धाडली होती. पहिली फळी घरी ताजीतवानी होत होती. इतकं जपूनही मे महिन्यात लीगची उपांत्य लढत आयर्लंडच्याच मन्स्टरविरुद्ध 15-16 अशी गेली आणि आठवडाभराने युरोपची अंतिम लढत फ्रान्सच्या ला रोशेलविरुद्ध 26-27 अशी. लीगचा चषक शेवटी मन्स्टरने केपटाउनमधून उचलून आणला.

अशा वेळी हमखास कानावर येणारा प्रश्न म्हणजे, ‘चाळीसेक खेळाडू पदरी असताना माणसं कमी कशी पडतात?’ गफलत इथेच आहे. डोकी मोजून संघाची खोली कळत नाही.

रग्बीतल्या स्क्रममध्ये चेंडूसाठी आठ विरुद्ध आठ भिडतात आणि एकमेकांना ढकलतात. पहिल्या ओळीत तिघे असतात, मध्ये हुकर आणि दोन्ही बाजूंना प्रॉप. उजवीकडच्या प्रॉपचं डोकं प्रतिस्पर्ध्यांच्या दोन डोक्यांच्या मधे अडकतं आणि भार दोन्ही खांद्यांवर येतो. डावीकडच्याचा एक खांदा मोकळा राहतो. दोघांची कामं इतकी वेगळी की फार थोड्यांना दोन्ही जमतात. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक जायबंदी झाला तर दुसरा कोणीतरी ग्लोव्हज चढवतो. इथे तसं केलं तर मान मोडू शकते. म्हणून सामन्याच्या 23 जणांत पहिल्या ओळीच्या तिन्ही जागांना प्रत्येकी एक तयार बदली लागतोच. फेब्रुवारी 2022 मध्ये डब्लिनला आयर्लंडविरुद्ध इटलीचा एक हुकर जखमी झाला आणि बदली आलेल्याला लाल कार्ड मिळालं. तिसरा नव्हता. ढकलाढकलीविना स्क्रम खेळवावे लागले, नियमानुसार इटलीचा आणखी एक जण बाहेर गेला आणि 15 पैकी उरलेल्या 13 जणांनी 6-57 असा मार खाल्ला.

आता गणित. आकडे माझे, समजण्यापुरते. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक जागेसाठी संघाकडे तीन माणसं आहेत आणि ऑक्टोबरमध्ये कोणीही एक जण तंदुरुस्त असण्याची शक्यता 80 टक्के आहे. एक खेळणारा आणि एक बदली, असे तिघांपैकी निदान दोघे हजर असण्याची शक्यता निघते 89.6 टक्के. छान वाटतं. पण जागा तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी भरायला हव्यात, म्हणजे 0.896 चा घन. उत्तर 72 टक्के. मे महिन्यात तंदुरुस्तीची शक्यता 65 वर आली असं धरा. घसरण फक्त 15 टक्क्यांची, पण तेच गणित आता 37 टक्क्यांवर आपटतं!

प्रत्येक जागेला चौथा माणूस द्या. ऑक्टोबरचे 72 टक्के 92 होतात, मेमधले 37 टक्के 67. म्हणजे चौथा प्रॉप शरद ऋतूत वीस टक्क्यांचा आणि वसंतात तीस टक्क्यांचा. हिवाळाभर बाकावर बसलेल्या माणसाची किंमत एप्रिलनंतर वसूल होते ती अशी.

पण मी चलाखीने एक गोष्ट गृहीत धरली. शक्यतांचा असा सरळ गुणाकार चालतो तो घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. इथे त्या नसतात. एक प्रॉप पडला की दुसऱ्याची मिनिटं वाढतात, आणि थकलेल्याला दुखापत व्हायचा धोकाही वाढतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स या सहा देशांच्या स्पर्धेसाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं येतं, तेव्हा लेन्स्टरचे घोळकेच्या घोळके एकदम उठून जातात. टोकाचं उदाहरण घ्या. सगळे एकाच कारणाने एकदम गैरहजर राहत असतील, तर निदान दोघे असण्याची शक्यता 89.6 नव्हे, 80 टक्केच. चौथा आणा, पाचवा आणा, ती 80 च राहते, कारण तोही त्याच गाडीने जाणार.

म्हणजे नवा माणूस कामाचा ठरायचा तर त्याच्या गैरहजेरीची कारणंही नवी हवीत.

2022, 2023 आणि 2024 अशा लागोपाठ तीन वर्षी लेन्स्टर युरोपच्या अंतिम फेरीत हरला, तेव्हा ‘मानसिकता’ आणि ‘शाप’ हे शब्द सढळ हाताने वापरले गेले. शापांची आयर्लंडला हौस आहे. तिथल्या मेयो काउंटीने गेलिक फुटबॉल या तिथल्या देशी खेळाचा ऑल-आयर्लंड चषक शेवटचा जिंकला 1951 मध्ये. त्या विजयी संघाने वाटेतल्या अंत्ययात्रेचा मान राखला नाही म्हणून पाद्र्याने शाप दिला, त्यातला एकही खेळाडू जिवंत असेपर्यंत चषक मिळणार नाही, अशी आख्यायिका. शेवटचा खेळाडू 2021 मध्ये वारला. पुढच्या वर्षीही चषक आला नाही. शापाची मुदत संपल्याचं कोणी कळवलं नसावं.

2024 च्या उन्हाळ्यात लेन्स्टरने फ्रान्सचा अनुभवी प्रॉप राबाह स्लिमानी आणला. वय तिशीच्या पुढे, पण तो फ्रान्सकडून खेळलेला, त्यामुळे आयर्लंड त्याला बोलावू शकत नाही. लेन्स्टरचा आणि आयर्लंडचाही पहिल्या पसंतीचा प्रॉप टाइग फर्लाँग त्या मोसमात पाय दुखावून बराच काळ बाहेर होता. जून 2025 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर लेन्स्टरने बुल्सना 32-7 हरवून लीग जिंकली. श्रेय एकट्या स्लिमानीचं नाही. माझ्या लेखी मात्र तो करार अगदी हिशेबी होता.