फौजदारी खटल्यात वकील नेमण्यासाठी मुदतीचा अर्ज : ठाणे व नवी मुंबईतील आरोपींसाठी माहिती

फौजदारी खटल्याचे समन्स हाती पडल्यावर, किंवा आधीच्या वकिलांनी वकीलपत्र मागे घेतल्यावर, पुढच्या तारखेला वकिलाविना न्यायालयात उभे राहण्याची वेळ अनेकांवर येते. अशा वेळी वकील नेमण्यासाठी मुदतीचा, म्हणजेच तहकुबीचा, अर्ज करता येतो. वकील मिळाला नाही म्हणून तारखेलाच न जाणे ही मात्र सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुकाऱ्याला आरोपी गैरहजर दिसला की वॉरंट निघू शकते आणि मग मुदत बाजूला राहून वॉरंट रद्द करून घेण्याचीच धावपळ करावी लागते.

आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३४० मध्ये आहे, तर तहकुबीचे नियम कलम ३४६ मध्ये आहेत. हे नियम सैल नाहीत. पक्षकाराच्या विनंतीवरून तहकुबी केवळ त्याच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठीच मिळते, तीही दुसऱ्या बाजूचा आक्षेप ऐकून, कारणे लेखी नोंदवून आणि दोनपेक्षा जास्त वेळा नाही. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले आहेत, हे कारण कायद्यानेच अमान्य ठरवले आहे. साक्षीदार हजर असेल तर विशेष कारणाशिवाय त्याची साक्ष पुढे ढकलली जात नाही, त्यामुळे अर्ज साक्षीच्या दिवसापर्यंत लांबवू नये. १ जुलै २०२४ रोजी ज्यांची चौकशी किंवा सुनावणी प्रलंबित होती, ती प्रकरणे १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार चालतात. त्यांत अर्जावर कलम ३०९ लिहावे.

अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. वर न्यायालयाचे नाव, खटला क्रमांक, ‘सरकार विरुद्ध’ आरोपीचे नाव आणि नेमलेली तारीख लिहावी. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षरे-अंकांचा सीएनआर क्रमांक ठाऊक असल्यास तोही लिहावा, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पाहता येते. खरा भर मजकुरावर असतो. ‘वकील नाही, मुदत मिळावी’ एवढ्यावर अर्ज सोडला तर वेळकाढूपणाचा संशय येतो. त्याऐवजी पुढील धर्तीवर लिहावे : ‘माझ्या वकिलांनी मागील तारखेस वकीलपत्र मागे घेतले. त्यानंतर मी दोन वकिलांना भेटलो, परंतु त्यांची फी मला परवडणारी नाही. काल मी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला असून त्याची पोच सोबत जोडली आहे. तरी चौदा दिवसांची मुदत द्यावी.’ तुम्ही काय केले आणि किती दिवस लागतील, हे दोन्ही सांगणारा अर्ज फेटाळणे न्यायाधीशांनाही जड जाते.

सोबत समन्स किंवा दोषारोपपत्राची प्रत, जामिनाचा आदेश, ओळखपत्र आणि कारणाचा पुरावा असावा. अर्जाची एक प्रत सरकारी वकिलांना देऊन त्यावर त्यांचे म्हणणे घ्यावे लागते. आदेश झाल्यावर पुढची तारीख तोंडी ऐकून निघू नये, ती रोजनाम्यावरून, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या लेखी नोंदीवरून, पडताळून घ्यावी. न्यायालय तहकुबीसाठी खर्च भरण्याची अटही घालू शकते.

जुने वकील कागद अडवून धरत असतील, तर थकलेल्या फीपोटी पक्षकाराची कागदपत्रे रोखून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. नवे वकील सहसा जुन्यांची ना हरकत मागतात. ती मिळत नसेल तर तसे अर्जात नमूद करावे.

फीची ऐपत नसेल तर मुदत मागण्याबरोबरच विनामूल्य वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे तसा वकीलही मागावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता हा लाभ मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत शपथपत्र सामान्यतः पुरेसे धरले जाते, त्यामुळे तहसील कार्यालयाच्या दाखल्यासाठी तारीख वाया घालवू नये. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. याखेरीज नव्या संहितेच्या कलम ३४१ नुसार ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणे हे न्यायालयाचेच कर्तव्य आहे.

कोठे जायचे, यात नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, पण खारघर, कामोठे, कळंबोली ही ठिकाणे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात असूनही रायगड जिल्ह्यात मोडतात. त्यामुळे खारघरचा गुन्हा पनवेलच्या न्यायालयात जातो आणि मदतीचा अर्जही रायगडच्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. ठाण्यातील कोर्टनाक्यापर्यंत हेलपाटा घालण्यापूर्वी समन्सवरील न्यायालयाचे नाव वाचावे.

आरोपी तळोजा किंवा ठाणे कारागृहात असेल तर अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवता येतो, किंवा दूरचित्रसंवादाने हजर केल्यावर न्यायाधीशांपुढे तोंडी विनंती करता येते. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यात विनामूल्य नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या डिसेंबर २०१९ मधील निकालात म्हटले आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

वकील नेमण्यासाठी मुदत मिळाली तरी दुसरी एक कालमर्यादा चालूच राहते. नव्या संहितेखालील सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून, आणि पोलीस अहवालावरील वॉरंट खटल्यात (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून, ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच खटल्यातून मोकळे करण्याचा, अर्ज करावा लागतो. नव्या वकिलांना पहिल्याच भेटीत ही तारीख सांगावी.