भूतकाळाचा वाद

इंग्रजी क्रियापदांची भूतकाळी रूपे मूल कसे शिकते, यावरून १९८० च्या दशकात कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन कसे चालते याच्या अभ्यासात, पेटलेला वाद. डोक्यात नियम असतात, की कमीअधिक बळाच्या नुसत्या जोडण्या, हा त्यातला खरा मुद्दा. प्रतीकवादी (डोक्यात नियम असतात म्हणणारे) आणि न्यूरल (सारे जोडण्यांवर चालते म्हणणारे) हे दोन पक्ष इतक्या चिमुकल्या मैदानात क्वचितच भिडले असतील.

इंग्रजी बोलणारे मूल आधी 'वेंट' बरोबर म्हणते, मग मधेच 'गोएड' म्हणू लागते आणि पुढे पुन्हा 'वेंट'वर येते. (आपल्याकडेही 'बसला', 'उठला'च्या चालीवर 'करला' म्हणणारी पोरे असतात.) प्रतीकवाद्यांना याचा अर्थ सरळ वाटे : मुलाला शेवटी '-एड' लावायचा नियम गवसला आणि त्याने तो दिसेल तिथे लावला, 'गो'सारख्या नियम न पाळणाऱ्या, म्हणजे अनियमित, क्रियापदांनाही.

१९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलँड यांनी एक नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून जोडण्यांचे बळ बदलत शिकणारे संगणकी जाळे, मांडले. आत येणाऱ्या ध्वनिलक्षणांसाठी ४६० घटक, बाहेर पडणाऱ्यांसाठी ४६०, आणि मधे फक्त जोडण्या. नियम कुठेच लिहिलेला नाही. तरीही अनियमित रूपे आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, हा मुलासारखाच प्रवास त्याने केला.

स्टीव्हन पिंकर आणि अ‍ॅलन प्रिन्स यांनी १९८८ मध्ये त्याची चिरफाड केली. नेटवर्कला आधी १० क्रियापदे शिकवली होती, त्यांतली ८ अनियमित. दहा फेऱ्यांनंतर एकदम ४१० नवी ओतली, बहुतेक नियमित. म्हणजे मधली घसरण शिकवणाऱ्यानेच घडवून आणलेली. शिवाय 'मेल'चे (टपाल पाठवणे) 'मेल्ड' व्हायचे, ते या यंत्राने 'मेम्बल्ड' असे काढले! घंटा वाजवणे आणि कपडा पिळणे या दोन्हींना इंग्रजीत उच्चार एकच, 'रिंग'. भूतकाळ मात्र 'रँग' आणि 'रंग'. नुसता ध्वनी ऐकणाऱ्याला हा भेद कळणार कसा? गंमत म्हणजे अनियमित रूपे स्मृतीतल्या जोडण्यांवर चालतात, हे पिंकर यांनी पुढे स्वतःच मानले. नियमाचा हट्ट त्यांनी नियमित रूपांपुरता धरला.

२०१८ मध्ये ख्रिस्तो किरोव्ह आणि रायन कॉटरेल यांनी नव्या धर्तीचे नेटवर्क घेऊन जुन्या बऱ्याच त्रुटी दूर झाल्याचे दाखवले. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी बनावट क्रियापदे देऊन पाहिले. तेच नेटवर्क नव्याने शिकवले की त्याची पसंती बदले, आणि माणसांच्या पसंतीशी तिचा मेळ नीट बसेना.