निफाडचा पारा, जुना ट्रक आणि पांढरा धूर

निफाडचा पारा ६ अंशांवर उतरल्याची बातमी हिवाळ्यात एकदा तरी येतेच. सोबत फोटो द्राक्षबागेतल्या शेकोटीचा. त्याच पहाटे लासलगावच्या वाटेवर कांदा भरून उभा असलेला एखादा जुना टाटा १२१० सेल्फ मारमारून दमलेला असतो आणि भोवती जमलेल्यांतला कुणीतरी हमखास म्हणतो, "डिझेलला प्लग नसतो, ठिणगी लागत नाही, मग बॅटरीला कशाला दोष देता?"

बॅटरीचा संबंध आहे, आणि मला तरी या इंजिनातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देतं ना? डिझेल इंजिन त्या चटक्यावरच चालतं. पिस्टन सिलिंडरमधली हवा साधारण सतराव्या हिश्श्यात कोंबतो, ती तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. किती तापते? सुरुवातीचं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं आणि त्याला १७ च्या ०.४ व्या घातानं गुणायचं. ६ अंश म्हणजे २७९ केल्विन. उत्तर येतं ८६७ केल्विन, म्हणजे जवळपास ६०० अंश सेल्सिअस.

मात्र हा ०.४ कागदावरचा. हवेतली उष्णता कुठेच निसटली नाही, तरच तो खरा. पहाटे सिलिंडरचं लोखंड गारठलेलं असतं. बॅटरीवर चालणाऱ्या सेल्फनं इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवलं तर पिस्टनला वर यायला ०.१५ सेकंद लागतो. बॅटरी थकली, ऑइल काकवीसारखं घट्ट झालं आणि फेऱ्या १०० वर आल्या की तोच वेळ ०.३ सेकंद. तेवढ्यात उष्णता लोखंड शोषून घेतं, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून हवाही खाली पळते. समजा घातांक ०.२ वर घसरला, तर तापमान उरतं २१८ अंश. इतक्यावर निमिषात पेट घेणं डिझेलला जमत नाही. (घातांक डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरा: हळू दाबलेली हवा पुरेशी तापत नाही.)

चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, बोळा पेटवणारे जुने ड्रायव्हर यामुळेच यशस्वी होतात. ऑइल पातळ होतं, सेल्फ जोरात फिरतो. तरीही डिझेल ठिबकणाऱ्या इंजिनाखाली जाळ करणं हा शुद्ध वेडेपणा. हवेच्या तोंडाशी मारायचे ईथरचे स्प्रेही तसलेच; ते वेळेआधी पेटून रिंगा फोडू शकतात. बंपरच्या लिंबू-मिरचीनं निदान नुकसान तरी होत नाही. घातांक मात्र तिला जुमानत नाही.

मग बघायचं कुठे? सायलेन्सरकडे. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. बॅटरी, टर्मिनल, नोझल, कॉम्प्रेशन तपासा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. बहुधा गाडीने एअर घेतली आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंतची) नळी ओढीची, त्यामुळे गाडी चालू असताना तिथली फट बाहेर ठिबकत नाही, आत हवा ओढते. रात्री डिझेल टाकीकडे उतरतं. नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो आणि नोझलला डिझेल पुरवणाऱ्या मोठ्या पंपातला बुडबुडा तो दाब पुढे न देता स्वतःच आकसत राहतो. फिल्टरचा बोल्ट ढिला करून, फेस संपेपर्यंत हातपंप मारायचा. गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच झालं, तर ओढीच्या बाजूचे कॉपर वॉशर बदलून घ्या.